कवितेतला पाऊस कुठला? मिरगाचा की हस्ताचा?

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला पंचांग लटकलेलं असतं. दाते पंचांग, आमच्या सोलापुरातूनच शंभरहून जास्त वर्षं निघणारं. आई त्यात संकष्टीचा चंद्रोदय बघते. आजी एकादश्या बघायची. आजोबांना मात्र एकच पान लागायचं. जून उजाडला की पावसाचं नक्षत्र कधी लागतंय आणि त्याचं वाहन काय, एवढंच ते बघायचे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की पान मिटून समाधानानं चहा मागायचे. मेंढा निघाला की काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

मी तीन ओळींच्या छोट्या कविता लिहायला लागले त्याला बरीच वर्षं झाली. पण दारामागचं ते पंचांग म्हणजे या कवितेचा शब्दकोश आहे, हे मला फार उशिरा उमगलं, आणि तेही जपानी हायकूबद्दल वाचताना. ऋतूंवरच्या छोट्या कविता कशा चालतात, देवधर्म, रान आणि रोजची चूल त्यांच्या दोन-तीन ओळींत कशी मावते, ते इथे उलगडून सांगते. उदाहरणं सोलापूरचीच घेते, कारण ही कविता गाव सोडून समजावताच येत नाही.

हायकू तीन ओळींचा असतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो आला कुठून, हे कमी जणांना. जपानात कवी एकत्र बसून साखळीकविता रचायचे. एकानं एक कडवं म्हणायचं, दुसऱ्यानं ते पुढे न्यायचं. या साखळीतल्या पहिल्या कडव्यावर एक जबाबदारी असे: आज कुठला ऋतू चालू आहे, ते त्यानं सांगायचं. बाशो (१६४४–१६९४) या कवीच्या काळात हे पहिलं कडवं स्वतःच्या पायावर उभं राहू लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकी या कवीनं त्याला साखळीतून पुरतं मोकळं केलं आणि 'हायकू' हे नाव रूढ केलं. म्हणजे ऋतू सांगणं हे हायकूचं जन्मापासूनचं काम.

ते काम "वसंत आला हो" अशी दवंडी पिटून करायचं नसतं. एक शब्द ठेवायचा, बस. जपानीत त्याला 'किगो' म्हणतात, आपण ऋतुशब्द म्हणू. नुसता 'चंद्र' म्हटला की जपानी वाचकाला शरद ऋतू कळतो. असे शब्द गोळा केलेले जाडजूड कोश तिथे असतात, त्यांना 'साइजिकी' म्हणतात. त्यात प्रत्येक ऋतूखाली शब्दांचे वर्ग पाडलेले असतात: काळवेळ, आकाश, जमीन, माणसांचं जगणं, सणवार आणि धर्मविधी, प्राणी, झाडंपेरं. हे वर्ग वाचले आणि मी उठून दारामागचं पंचांग काढून आणलं. आकाश त्यात आहे. सणवार आहेत. प्राणीही आहेत, नक्षत्रांची वाहनं होऊन. आणि पंचांगात छापलेलं नसतं ते घरातल्या बायामाणसांना तोंडपाठ असतं: भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात नेलेली आंबील, नागपंचमीला तवा न ठेवणं.

आता ऋतुशब्दाची ताकद किती, ते एका बेडकावरून बघा. जुन्या तळ्यात उडी मारणाऱ्या बेडकावरची बाशोची कविता जगभर गाजली. जपानी वाचकाला बेडूक दिसला की वसंत समजतो, थंडी सरून पाणी जागं होण्याचा काळ. आपल्याला बेडूक दिसला की मृग आठवतो, तापलेल्या मातीचा वास आठवतो, आजोबांचा चहासुद्धा आठवतो. शब्द तोच, पण त्याच्या पोटातला ऋतू निराळा. म्हणून परक्या हायकूचा नुसता अनुवाद केला की तो मराठीत पोरका वाटतो. त्याचे आईबाप दुसऱ्या हवेत राहतात.

पावसाची अकरा नावं

आपल्याकडे तर 'पाऊस' हाही एक ऋतुशब्द नाही, तो अकरा आहे. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतं आणि ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती येतं. या दोन टोकांच्या मध्ये आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा. शेतकऱ्यांनी त्यांना घरातल्या माणसांची नावं दिली. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. हस्ताला लोक सरळ हत्ती म्हणतात. भोंडल्यात पाटावर काढलेला हत्ती त्याचाच, ज्याच्याभोवती आम्ही लहानपणी फेर धरला.

आणि या नक्षत्रांना चिकटलेल्या म्हणी ऐका. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती." एका ओळीत नक्षत्र, पाऊस, पीक, यमक आणि आशा. ही म्हण सोलापुरात जेवढी खरी वाटते तेवढी कोकणात वाटणार नाही. आम्ही पर्जन्यछायेत राहतो. कोकण मृगा-आर्द्रातच भिजून चिंब होतो, आमचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात येतो. त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची आणि पुढे थंडीवर वाढवायची. मालदांडी ज्वारीचं कणीस उन्हात धरलं की त्या म्हणीतले मोती कुठले ते वेगळं सांगावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला माणूस स्वातीकडे डोळे लावून बसतो, कारण त्याची भाकरी तिथे आहे.

हा फरक मला एका शेजाऱ्यांनी शिकवला. काकांनी चाळीस वर्षं लूमवर काढली, चादरी आणि टॉवेल विणले. मी त्यांना माझी एक कविता वाचून दाखवली होती. तेव्हा ती अशी होती:

लाइट गेली
लूम थांबले आणि ऐकू आला
पाऊस

काका म्हणाले, "चांगलंय की. पण पाऊस कुठला? मिरगाचा का हत्तीचा?"

मी विचारलं, "काका, त्यानं काय फरक पडतो?"

"पडत नाही कसा? मिरगाचा असला तर माणूस दारात येऊन नाचतो. हत्तीचा असला तर गावाकडं फोन लावतो, रान भिजलं का म्हणून."

मी घरी येऊन शेवटची ओळ बदलली:

लाइट गेली
लूम थांबले आणि ऐकू आला
हस्ताचा पाऊस

एका शब्दानं कविता कारखान्याच्या पत्र्याखालून निघून पार त्या कामगाराच्या गावच्या शेतापर्यंत गेली. शेताचा उल्लेख कवितेत कुठेच नाही. ऋतुशब्द करतो ते एवढंच, आणि ते फार मोठं आहे.

मधली मोकळी जागा

छोट्या कवितेचं दुसरं मर्म म्हणजे तोड. हायकूत दोन चित्रं शेजारी ठेवलेली असतात आणि त्यांच्यामध्ये एक फट असते. जपानीत ती दाखवायला खास अव्ययं आहेत. आपण ओळ तोडून, थांबून किंवा एखाद्या 'आणि'नं ते काम करतो. दोन चित्रांचा संबंध कवीनं सांगायचा नसतो. ती फट वाचक भरतो. नवीन लिहिणारे इथेच अडखळतात, कारण फट दिसली की ती बुजवायचा मोह होतो. माझी हुरड्यावरची एक कविता पहिल्यांदा कागदावर उतरली ती अशी:

हुरड्याची आगटी विझली
जणू आजोबांचं आयुष्यच
हळूहळू विझत चाललं

हे वाचून वाचकाला करायला काही उरत नाही. मी त्याला दार उघडून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि वर रडायलाही सांगितलं. आजोबा त्या वर्षी खूप थकले होते, मला ते बोलून टाकायचं होतं, म्हणून ते 'जणू' आलं. काही महिन्यांनी मी 'जणू' काढून टाकला, 'आयुष्य' काढून टाकलं, आणि त्या संध्याकाळी डोळ्यांना खरोखर दिसलं तेवढंच ठेवलं:

विझत आली आगटी
आजोबांच्या तळहातावर
उरले चार दाणे

आजोबा गेल्यावर आईनं ही कविता वाचली आणि पंचांगात घडी घालून ठेवली. पहिली कविता तिनं ठेवली असती असं मला वाटत नाही.

वाचकावर एवढा भरवसा टाकणं आपल्या मातीला नवं नाही. सोलापूरपासून जवळच भीमा आणि सीना जिथे मिळतात, तिथे हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो. त्याची शेवटची ओळ म्हणते: "वांछितो विजेया होईवा." जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरणाऱ्यानं मराठीत आशीर्वाद दिला तो वाचणाऱ्याला. कुडलला गेले की मी त्या ओळीपाशी जरा जास्त वेळ थांबते.

जात्यावर हे आधीच होतं

हायकू मराठीत रुजवला शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. त्यांनी तीन ओळी ठेवल्या, पण जपानी अक्षरसंख्येचा हट्ट धरला नाही. मराठी कानाला यमक लागतं, तेही आणलं. त्यांचे उपकार मोठेच आहेत. पण ऋतुशब्द आणि तोड या दोन्ही गोष्टी आमच्या आज्या पहाटे जात्यावर बसून करत होत्या, हेही तितकंच खरं.

ओवी किती जुनी? कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही. आमचा हा मुलूखही तेव्हा चालुक्यांचाच. ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधी राजाच्या कानावर ओवी पडली होती, आणि ती कामकरी बाईच्या तोंडची होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! आणि त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता येत नव्हतं.

जात्यावरची ओवी साधारण दोन ओळींची. पहिल्या ओळीत बहुतेक वेळा बाहेरचं जग असतं: रान, पाऊस, झाड, देऊळ. दुसऱ्या ओळीत आतलं माणूस येतं: भाऊ, लेक, आई, सखी. मधला सांधा गाणारी सांगत नाही. आजीच्या चालीवर मी बांधलेली ही एक:

हस्ताच्या पावसानं काळं रान भिजलं ग
बंधूच्या तिफणीनं माझं सपान रुजलं ग

पेरलं भावानं, रुजलं बहिणीचं स्वप्न. ते स्वप्न कुठलं? दिवाळीला माहेरी जाण्याचं असेल, भावाच्या कर्जफेडीचं असेल. ओवी तिथेच थांबते आणि जातं फिरत राहतं. हायकूतली ती फट हीच.

आता मोजणीचं, थोडक्यात. हायकूत पाच-सात-पाच मोजतात ते 'ओन', आणि ते आपलं अक्षर नव्हे. 'तोक्यो' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, जपानी माणूस ती 'तो-ओ-क्यो-ओ' अशी चार मोजतो. म्हणजे ओन हा आपल्या मात्रेच्या जवळचा आहे: ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. म्हणून मराठीत सतरा अक्षरं भरण्यासाठी 'सुंदर', 'हळुवार' असे शब्द कोंबू नयेत. श्वास पुरेल तेवढी ओळ पुरे. मराठीत तर लिहिलेलं अक्षर आणि बोललेलं अक्षरसुद्धा एक नसतं. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांचा अभंग सगळ्यांना पाठ आहे: "कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी. लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरि." 'लसूण मिरची कोथिंबिरी' कागदावर मोजा, दहा अक्षरं भरतात. बोलून बघा: लसूण् दोन, मिर्ची दोन, कोथिंबिरी चार, आठच. आणि 'अव्घा झाला माझा हरी' हेही बोलताना आठच. कागद चुकतो, जीभ चुकत नाही. छोटी कविता लिहिली की मोठ्यानं म्हणून बघा, असं मी सांगते ते याचसाठी.

सावता माळ्यांपाशी जरा थांबायला हवं. देवावरच्या कवितेत देवाचं वर्णन करायची गरज नसते, हे त्यांच्याकडून शिकावं. त्या दोन ओळींत ना मुकुट आहे, ना कमरेवरचे हात. आहे ती एका माळ्याच्या वाफ्यातली भाजी, आणि ती भाजीच विठाबाई. परंपरा सांगते की सावता पंढरपूरला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला. अरण ते पंढरपूर हे अंतर आजही एका दिवसात चालून जाण्यासारखं आहे. घरून निघता येईल इतका देव जवळ असताना मळ्यातलं काम हीच पूजा मानणं, याला मोठी श्रद्धा लागते. कविता करताना मी तेच धरून राहते. देवळात गेले तर देवळातली एखादी लहानशी वस्तू शोधते.

संक्रांतीला आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. सातही नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर येतात, पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांचा समुद्र होतो, आणि अक्षता पडतात. या सोहळ्यावर लांबलचक कविता करायचा मी अनेकदा प्रयत्न केला, जमली नाही. जमली ती ही:

अक्षता टाकून घरी आले
साडीच्या निऱ्यांतून पडला
एक दाणा

ऋतुशब्द कुठला? 'अक्षता'. लग्नाच्या अक्षता वर्षभर पडतात, पण सोलापूरच्या माणसाला हा शब्द जानेवारीत ऐकवला की तो थेट तळ्याकाठी पोचतो. पुण्याचा वाचक कदाचित लग्नघरी जाईल. जाऊ दे. स्वतः सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं रचत होते, आणि प्रत्येक वचनाच्या शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' अशी मुद्रा उमटायची. छोट्या रचनेची सवय या गावाला त्यांनीच लावली, असं मी मनातल्या मनात मानते.

या गावात ऋतूही एका भाषेत येत नाही. नवरात्रात पूर्व भागात जा. तेलुगू घरांतल्या बायका बतुकम्मा रचतात, फुलांचा थरावर थर. त्यात पिवळी फुलं असतात ती तरवडाची, आपल्या माळावर कुणी ढुंकून बघत नाही त्या तरवडाची. त्यांच्या गाण्यात ओळीच्या शेवटी 'उय्यालो' येतं, जसा ओवीत 'ग' येतो. तेव्हा नेमकं हस्त नक्षत्र असतं, पलीकडच्या गल्लीत मराठी मुली हत्तीभोवती फेर धरतात. पाऊस एकच. मला अजून या दोन्ही गल्ल्या एका कवितेत बसवता आलेल्या नाहीत, पण तरवडाचं फूल हा सोलापूरचा आश्विनातला ऋतुशब्द आहे, याबद्दल मनात शंका नाही.

उन्हाळ्याचे शब्द तर दारातच पडलेले असतात. गच्चीवर वाळणाऱ्या कुरडया, लाल माठ, कडुलिंबाचा मोहोर, रात्री गच्चीवर टाकलेली अंथरुणं. ऊन फार आहे असं म्हणायची गरज नाही, पारा त्रेचाळीसवर गेलेला सगळ्यांनाच कळतो. बघायचं कुठे, एवढाच प्रश्न:

भर दुपारी
माठाखालच्या ओल्या वाळूत
चिमणी

लिहायचं असेल त्यांना मी एकच करायला सांगते. घरात जुनं पंचांग किंवा दिनदर्शिका असतेच. त्या दिवसाच्या चौकोनात रोज एक पाहिलेली गोष्ट लिहायची. भावना लिहायची नाही, उपमा लिहायची नाही, गोष्ट लिहायची. वर्षभरानं तुमच्या हातात तुमच्या गल्लीची साइजिकी असते. माझ्या मागच्या वर्षीच्या पानांवर अशा नोंदी आहेत: "मृग, दुसरा दिवस. वाळत घातलेल्या टॉवेलवर पहिले चार थेंब." "शेगावची पालखी आली. एका वारकऱ्याच्या चपलेला सुतळी." "उत्तरा. पाऊस नाही. काकांनी दोनदा आभाळाकडे बघितलं." "कोजागरी. दुधात चंद्र आणि शेजारच्या घरातला ट्यूबलाइट."

यातल्या काही नोंदींच्या कविता झाल्या, बऱ्याच तशाच आहेत. भोगीच्या चौकोनात तर तीनच शब्द आहेत: "आईचे तीळ संपले." त्या सकाळी आई रिकामा डबा उलटा करून तळहातावर आपटत होती, आणि तीन-चार तीळ खाली पडले. ते तिनं वेचून भाकरीला लावले.